लाइन गेली की फ्रिज करंट मारतो: सोलर बॅटरीच्या अर्थिंगचं नेमकं काम

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे. घराच्या स्लॅबवर ८ पॅनल, खाली ५ किलोवॅटचा हायब्रीड इन्व्हर्टर आणि ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी. लावून दोन वर्षं झाली. लावणाऱ्याने अंगणात अर्थिंगचे तीन खड्डे केले, एक एलएचा म्हणजे वीज पडली तर ती उतरायला, एक डीसीचा, एक एसीचा, आणि तिन्ही मुद्दाम वेगवेगळे ठेवले. या उन्हाळ्यापासून फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. लाइन असताना कमी, लाइन गेली की जास्त. लाइन गेल्यावर टेस्टर सॉकेटच्या दोन्ही होलमध्ये पेटतो. आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटन दाबलं तर तो पडतो, म्हणून तो चांगला आहे असं ते धरून चालले आहेत. गावात सल्ला मिळाला, ‘चौथा खड्डा करा, मीठ-कोळसा जास्त टाका.’ शेवटचा प्रश्न असा की वावराच्या कुंपणाचं झटका मशीन इन्व्हर्टरच्याच खोलीत आहे, त्याची अर्थिंगची तार यातल्याच एका खड्ड्यात सोडली तर चालेल का?

भाऊ, चौथा खड्डा करू नका. तुमच्याकडे खड्ड्यांची कमी नाही, जोडणीची आहे. तुम्ही लिहिलं त्यावरून मला दोन वेगवेगळे दोष दिसतात. तिसरा अजून उघड झालेला नाही, तो एखाद्या जोराच्या विजेच्या दिवशी होईल. पण हे सगळं वाचायच्या आधी एक करा. फ्रिज आणि पाण्याची मोटर आजच इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा आणि लेकरांना ओल्या फरशीवर अनवाणी त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका. आज झिणझिण्या आहेत. फ्रिजच्या आत एखाद्या तारेचं इन्सुलेशन गेलं, तर त्याच बॉडीवर पुरा फेज येईल आणि तुमच्या घरात आज त्याला तोडणारं काही नाही.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडे पक्का समज आहे की करंट जमिनीत जिरतो. पावसाचं पाणी जिरतं तसा. त्यामुळे जितके खड्डे, तितकी सेफ्टी असं वाटतं. करंट कुठेच जिरत नाही. तो जिथून निघाला तिथे परत जायला रस्ता शोधतो. लाइन असताना त्याचं घर म्हणजे गावाच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, न्यूट्रल. लाइन गेली की त्याचं घर म्हणजे तुमच्या भिंतीवरचा इन्व्हर्टर. दोष झाला तर त्या करंटला घरी परत जायचा सोपा रस्ता मिळाला पाहिजे, म्हणजे तो मोठा होईल किंवा आरसीसीबीला दिसेल आणि सप्लाय तुटेल. आणि ते होईपर्यंत माणसाच्या हाताला लागणारी प्रत्येक धातूची वस्तू एकाच पातळीवर राहिली पाहिजे. अर्थिंगची ही दोन कामं. खड्डा हा त्यातला एक भाग आहे, आणि पहिल्या कामासाठी तर तो बऱ्याचदा सगळ्यात कमी महत्त्वाचा असतो.

झिणझिण्यांचं बघू. इन्व्हर्टरच्या पोटात, आणि हल्लीच्या इन्व्हर्टर फ्रिजच्याही पोटात, फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दुसरा. रेडिओ-टीव्हीला खरखर होऊ नये म्हणून ते टाकलेले असतात. अर्थची तार कुठेच जोडलेली नसेल तर बॉडी या दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, एखाद-दुसरा मिलीअँपिअर, म्हणून मारत नाही, नुसतं झिणझिणतं. बॅटरीवर असताना इन्व्हर्टरचं स्वतःचं स्विचिंग आणि स्लॅबवरच्या पॅनलचा पसारा यांची भर पडते, म्हणून लाइन गेली की जास्त जाणवतं. आता हिशेब करा. तुमचा खड्डा अगदी वाईट, ३०० ओहमचा आहे असं धरलं आणि गळती ५ मिलीअँपिअर धरली, तरी बॉडीवर येतात दीड व्होल्ट. दीड व्होल्टने कोणाला झिणझिण्या येत नाहीत. म्हणजे प्रश्न खड्डा कोरडा पडल्याचा नाही. फ्रिजपासून खड्ड्यापर्यंतची हिरवी तार कुठेतरी तुटलेलीच आहे.

कुठे, याचा माझा अंदाज सांगतो. राळेगावकडे मागे असंच एक घर होतं. खड्ड्यावरचं सिमेंटचं झाकण उचललं, आतली माती हाताने बाजूला केली आणि जीआय पाइपच्या क्लॅम्पला हात लावला तर नट-बोल्टचा भुगा बोटांना लागला. तार धरली, ती अलगद वर आली. टोकाला हिरवट-पांढरी बुरशी, आणि तार बोल्टला बसवायच्या लगचा अर्धा भाग खाऊन गेलेला. तिकडे खोलीत इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेला, मोबाइलवर सगळं नॉर्मल. दर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात मीठ टाकायचे. मीठ ओल धरतं हे खरं, पण लोखंड आणि जस्त दोन्ही खातं. तुम्हीही झाकण उचला, तिथूनच सुरुवात करा. तिथे ठीक असेल तर इन्व्हर्टरच्या खोलीतली अर्थची पट्टी, मग फ्रिजच्या सॉकेटमागची तिसरी तार. जुन्या घरात ती बोर्डाच्या मागे नुसती गुंडाळून ठेवलेली कितीदा तरी सापडते.

दुसरा दोष याहून गंभीर आहे आणि तो खड्डा नीट करून जाणार नाही. दोन्ही होलमध्ये टेस्टर पेटतो, म्हणजे बॅटरीवर असताना तुमचा न्यूट्रल हा न्यूट्रल राहत नाही. मल्टीमीटर असेल तर लाइन गेलेली असताना एकाच सॉकेटवर तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. २३०, २३० आणि शून्याच्या जवळ आलं तर उत्तम. २३०, ११५, ११५ असं काही आलं तर इन्व्हर्टरचं आउटपुट अधांतरी लटकतं आहे. मीटरची सवय नसेल तर हे स्वतः करू नका, वायरमनला समोर बसवून करून घ्या.

हे का होतं? लाइन असताना न्यूट्रल डीपीजवळ जमिनीला जोडलेला असतो. लाइन गेली की इन्व्हर्टर उलटा सप्लाय तारांवर जाऊ नये म्हणून स्वतःला लाइनपासून तोडतो. पोलवर काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर असतो, ते झालंच पाहिजे. पण अनेक इन्व्हर्टर फेजबरोबर न्यूट्रलही तोडतात, आणि डीपीजवळची ती जोडणी आपल्या घरापुरती नाहीशी होते. मग फ्रिजच्या बॉडीवर फेज आला आणि कोणी हात लावला, तर करंटला इन्व्हर्टरपर्यंत परत जायला रस्ताच नाही. रस्ता नाही म्हणजे आरसीसीबीला फरक दिसत नाही. तो गप्प राहतो. असा पहिला बिघाड मुका जातो. नंतर दुसरा कुठे तरी झाला, मोटरचा केबल ओलीत पडला, की माणूस त्या दोन्हींच्या मध्ये सापडतो.

आणि टेस्ट बटन? ते बटन आरसीसीबीच्या आतच एक छोटा रेझिस्टर फेज-न्यूट्रलमध्ये टाकतं, मुद्दाम अशा पद्धतीने की आतल्या कॉइलला फरक दिसावा. त्याचा अर्थच्या तारेशी काही संबंध नाही. खड्डा नसला, हिरवी तार नसली, न्यूट्रल लटकलेला असला, तरी बटन दाबलं की आरसीसीबी पडणारच. बटनाने यंत्र जिवंत आहे एवढंच कळतं. ते तुम्हाला वाचवेल की नाही हे कळत नाही. ही गोष्ट मी दर ठिकाणी सांगतो, कारण याच बटनाच्या भरवशावर लोक निर्धास्त झोपतात.

यावर उपाय असा की इन्व्हर्टर बॅटरीवर गेला की त्याच्या आउटपुटचा न्यूट्रल घरच्या अर्थच्या पट्टीला जोडला गेला पाहिजे, आणि लाइन परत आली की ती जोडणी आपोआप सुटली पाहिजे. आरसीसीबी या जोडणीच्या पुढे, घराच्या बाजूला हवा. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये यासाठी आतच रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, असतो आणि सेटिंगमध्ये तो चालू करावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो बंदच राहून गेलेला असतो, कारण लावणाऱ्याने मॅन्युअलचं ते पान उघडलेलं नसतं. आधी तुमचं मॅन्युअल बघा. कदाचित एका सेटिंगचं काम असेल.

रिले नसेल तर बाहेरून कॉन्टॅक्टर लावतात. कॉइल लाइनवर, आणि कॉइल सुटली की न्यूट्रल-अर्थ जोडणारा कॉन्टॅक्ट मिटतो. कागदावर सोपं दिसतं. पण आपल्या गावात संध्याकाळी लाइन १५०-१६० व्होल्टवर येते. कॉइल तेवढ्यावर धरून राहते, इन्व्हर्टर मात्र ती लाइन नाकारून बॅटरीवर जातो, आणि जोडणी नेमकी हवी तेव्हा उघडी राहते. इन्व्हर्टरला ‘आधी सोलर, मग बॅटरी, मग लाइन’ असं सेट केलं असेल तर लाइन असतानाही तो बॅटरीवर चालतो, तेव्हाही हेच. म्हणून बाहेरचा कॉन्टॅक्टर मी नाइलाज असेल तरच लावतो. नवा इन्व्हर्टर घेणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे, आत हा रिले नसेल तर दोन-चार हजार वाचवण्यासाठी तो घेऊ नका.

एक गोष्ट मात्र कोणीही सुचवली तरी करू नका. न्यूट्रल आणि अर्थ कायमचे तारेने जोडून टाकायचे. झिणझिण्या जातात, टेस्टर एकाच होलमध्ये पेटतो, सगळे खूश. पण लाइन असताना डीपीचा न्यूट्रल आणि तुमचा न्यूट्रल एकच झालेला असतो. पोलवर न्यूट्रल तुटला, आणि वादळात तो तुटतोच, तर अख्ख्या आळीचा परतीचा करंट तुमच्या अंगणातल्या खड्ड्यातून जायला बघेल. तुमच्या फ्रिजवर, नळावर, पॅनलच्या स्ट्रक्चरवर तो व्होल्टेज येईल, आणि दोष तुमच्या घरात नसल्यामुळे तो तुम्हाला सापडणारही नाही.

मग एमसीबी कशाला आहे, असा प्रश्न येतो. गणित करा. खड्डा २० ओहमचा, म्हणजे गावाच्या मानाने बरा. फेज थेट बॉडीला लागला तर करंट २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी साडेअकरावर पडणार नाही, आणि बॉडी मात्र फेजवरच राहील. सी-टाइप एमसीबी झटक्यात पडायला पाचपट ते दहापट करंट लागतो, म्हणजे १६ चा असेल तर ८० ते १६० अँपिअर. तितका करंट खड्ड्यातून आणायचा तर खड्डा दीड ओहमचा हवा. बॅटरीवर तर प्रश्नच नाही. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर २२ अँपिअरचा, जोर लावून दुप्पट देईल आणि बंद पडेल. इन्व्हर्टर म्हणजे डीपी नव्हे. माणूस वाचवणारी वस्तू ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीच आहे, आणि त्याला चांगला खड्डा लागत नाही, अखंड रस्ता लागतो. तोही ए-टाइपचा घ्या. साधा एसी-टाइप डीसी गळतीने आंधळा होऊ शकतो. मॅन्युअलमध्ये बी-टाइप सांगितला असेल तर बी-टाइपच.

आता तिसरा दोष, तीन वेगळे खड्डे. ‘एलए वेगळा ठेवा, नाहीतर वीज घरात येईल.’ हे मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं असंच करत होतो. मग एका जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, मी लावलेल्या एका घराजवळ वीज पडली. एलएची तार शाबूत, खड्डा शाबूत. इन्व्हर्टरचं डीसी इनपुट काळं पडलेलं, आणि पॅनलच्या स्ट्रक्चरच्या एका बोल्टपाशी पिवळट डाग. त्या डागापुढे मी बराच वेळ उभा होतो. वीज एलएवर पडून जमिनीत उतरली, तरी घरात कशी आली?

हिशेब असा आहे. विजेचा करंट १० हजार अँपिअर धरा, हा मोठा नाही. खड्डा १० ओहमचा. गुणाकार एक लाख व्होल्ट. तेवढ्या क्षणापुरता एलएचा खड्डा आणि त्याची तार एक लाख व्होल्टवर चढते. सहा मीटरवरचा डीसीचा खड्डा तितका चढत नाही, एसीचा आणखी कमी. हा फरक भरून काढायला वीज रस्ता शोधते, आणि तिला सगळ्यात सोपा रस्ता मिळतो तो स्ट्रक्चर, पॅनलची फ्रेम, डीसी केबल, इन्व्हर्टर आणि एसीचा खड्डा असा. खड्डे वेगळे ठेवून आपण विजेला इन्व्हर्टरमधून जायला लावतो. तिन्ही खड्डे जमिनीखालून एका पट्टीने जोडलेले असतील तर सगळं एकदम वर चढतं आणि एकदम उतरतं, मधल्या इन्व्हर्टरला फरक फार कमी जाणवतो. आयएस ३०४३ हा अर्थिंगचा आपला संहिता-ग्रंथ आणि विजेपासून संरक्षणाचा आयएस/आयईसी ६२३०५, दोन्ही एकाच बाजूचे आहेत, एका इमारतीचे अर्थ एकत्र बांधा. तीन खड्डे असायला माझी हरकत नाही, सोलरच्या फायलीत ते मागतात. ते एकमेकांना न जोडण्याला आहे.

तुमच्याकडे त्यासाठी २५ बाय ६ ची जीआय पट्टी, अर्धा मीटर खोल चर, तिन्ही खड्ड्यांना वेल्डिंग किंवा दोन-दोन बोल्ट. एका माणसाचं एका दिवसाचं काम. चर घराच्या भिंतीपासून दीड मीटर दूर ठेवा. एलएची उतरती तार घराबाहेरूनच, सरळ, वळणं न घेता खाली यावी. पॅनलच्या केबलच्या पाइपातून किंवा तिला चिकटून नको.

एसपीडीबद्दल, म्हणजे विजेचा झटका अर्थकडे वळवणाऱ्या डबीबद्दल, एवढंच. त्याची हिरवी तार अर्ध्या मीटरच्या आत अर्थच्या पट्टीला पोचली पाहिजे. विजेच्या झटक्यासाठी तार म्हणजे नुसता रेझिस्टन्स नाही. असल्या जलद करंटला दर मीटरमागे हजारभर व्होल्ट तारेतच अडतात. चार मीटरची तार गुंडाळून ठेवलेला एसपीडी मी पाहिला आहे. तो असून नसल्यासारखा.

पॅनलच्या फ्रेमबाबत मात्र थांबून सांगायला हवं, कारण इथे लोक जाणूनबुजून चूक करतात. पावसाळ्यात सकाळी, दव पडलेलं असताना, इन्व्हर्टर ‘पीव्ही आयसोलेशन लो’ किंवा ‘आयएसओ फॉल्ट’ दाखवतो आणि चालू होत नाही. ऊन तापलं की चालू होतो. याचा अर्थ पॅनलखालच्या केबलला कुठेतरी खरचटलं आहे. आपल्याकडे माकडं केबल ओढतात, खारी आणि उंदीर कुरतडतात. मग कोणीतरी येतो, फ्रेमची अर्थची तार सोडतो, आणि एरर जाते. जाणारच. तार सोडल्यामुळे इन्व्हर्टरला दोष दिसायचा बंद झाला, दोष तिथेच आहे. आता ८ पॅनलचे ३०० च्या वर डीसी व्होल्ट फ्रेमवर आणि स्ट्रक्चरवर येऊ शकतात, आणि त्याच स्ट्रक्चरला वहिनी कपड्यांची दोरी बांधतात. एरर आली की केबल तपासा, तारेला हात लावू नका. आणि फ्रेम जोडताना अॅल्युमिनियमवरचा अॅनोडाइज्ड थर खरवडला गेला पाहिजे, तो वीज वाहू देत नाही. दातेरी वॉशर किंवा त्यासाठीची क्लिप वापरा. उघडं तांबं अॅल्युमिनियमला थेट लावू नका, दोन पावसाळ्यांत जोड पांढरा पडून सुटतो. कलई केलेला लग, स्टेनलेसचा बोल्ट.

बॅटरीचं. तिच्या लोखंडी पेटीला किंवा रॅकला अर्थ हवाच, १६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार, आणि ती इन्व्हर्टरच्या खोलीतल्या त्याच अर्थच्या पट्टीवरून. बॅटरीसाठी वेगळा खड्डा नको. लिथियम बॅटरीची कम्युनिकेशन केबल इन्व्हर्टरला जाते. दोघांची जमीन वेगळी असली की विजेच्या दिवशी फरक त्या बारीक केबलवर येतो आणि पोर्ट जळतो. मग बॅटरी चांगली, इन्व्हर्टर चांगला, पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

बॅटरीचा मायनस जमिनीला जोडायचा का? मॅन्युअलने स्पष्ट सांगितलं नसेल तर नाही. गाडीत मायनस बॉडीला असतो म्हणून लोकांना ते स्वाभाविक वाटतं, तर मोबाइल टॉवरच्या ४८ व्होल्टमध्ये उलटा प्लस जमिनीला असतो, जमिनीतलं तांबं कमी गंजावं म्हणून. म्हणजे हा निसर्गाचा नियम नाही, त्या-त्या यंत्राच्या रचनेचा भाग आहे. काही इन्व्हर्टरच्या आत बॅटरी आणि एसी यांच्यात पूर्ण विलगता नसते. तिथे मायनस जमिनीला जोडला तर इन्व्हर्टर जातो. मायनस मोकळा ठेवलात तर डिस्कनेक्ट स्विच प्लस-मायनस दोन्हींवर हवा. आणि फ्यूज. ५ किलोवॅट भागिले ४८ म्हणजे १०४ अँपिअर, बॅटरी उतरली की सव्वाशेपर्यंत. १६० अँपिअरचा डीसी फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. एसीचा एमसीबी इथे चालत नाही, डीसीची ठिणगी तो विझवू शकत नाही. दोन-चारशे व्होल्टच्या बॅटऱ्याही आता येतात, त्यांना या परिच्छेदातलं काही लावू नका आणि कंपनीच्या माणसाशिवाय उघडू नका.

आता जमीन. तीन मीटरचा, १७ मिलिमीटर जाडीचा रॉड घेतला तर त्याचा रेझिस्टन्स जमिनीच्या रोधकतेच्या साधारण एक-तृतीयांश येतो. १० ओहम-मीटरच्या ओल्या काळ्या जमिनीत सव्वातीन ओहम. ३०० च्या कोरड्या मुरमात शंभर. रॉड तोच, फरक जमिनीचा. आपली काळी जमीन खरं तर अर्थिंगला उत्तम. बाजारात अर्थिंगच्या खड्ड्यात भरायला जी बेंटोनाइटची पिशवी विकत मिळते, तिच्यातली चिकणमाती आणि आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती एकाच घराण्याची, दोन्ही मॉन्टमोरिलोनाइट. ओल धरते आणि फुगून रॉडला घट्ट बसते. तिचा दोष उन्हाळ्यात दिसतो. मेमध्ये पऱ्हाटी उपटलेल्या वावरात भेगा पडतात, हात आत जातो, तशीच भेग रॉडच्या भोवती पडते आणि माती रॉडला सोडते. ऑगस्टमध्ये तीन ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये ओळखू येत नाही. म्हणून वरची दीड मीटर माती हिशेबात धरू नका, त्याखाली जा. खाली ओल टिकते.

तुमच्या भागात दीड-दोन मीटरवर मुरूम लागतो, मग काळा पाषाण. तिथे खाली जाण्याचा हट्ट सोडा. आडवं जा. दहा-पंधरा मीटर लांब चर, त्यात पट्टी, आणि मुरूम परत न भरता भोवती वावरातली काळी माती दाबून भरा. तुमच्याकडे तिन्ही खड्डे जोडायची जी पट्टी सांगितली तीच हे कामही करेल. गडचिरोली, गोंदियाकडच्या खडकाळ जमिनीतही हाच मार्ग. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात उलटं आहे. तिथे ओहम आपोआप कमी येतो, पण जमिनीतला खार जीआय खातो. तिथे तांब्याचा जाड मुलामा असलेला रॉड घ्या आणि दर वर्षी उघडून बघा. मीठ मात्र कुठेच नको. दुसरा रॉड टाकायचा तर पहिल्यापासून किमान रॉडच्या लांबीइतका, जमलं तर दुप्पट लांब. शेजारी-शेजारी दोन ठोकले तर दोघं एकाच मातीवर भांडतात.

खड्डा तपासायची गावातली पद्धत म्हणजे फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब. लख्ख पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं. हा गैरसमज आहे. त्या बल्बचा स्वतःचा रेझिस्टन्स ५३० ओहमच्या आसपास. खड्डा ५० ओहमचा असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो लख्खच पेटतो. शिवाय तेवढा वेळ खड्ड्याच्या तारेवर व्होल्टेज असतं आणि कोणाचा तरी हात नळाला असतो. अर्थ टेस्टरनेच मोजा. खड्ड्याची तार सोडायची, अर्थात सगळा सप्लाय बंद करून. एक खुंटी २५ मीटरवर, दुसरी त्याच रेषेत साडेपंधरा मीटरवर, आणि मधली थोडी मागे-पुढे करून तोच आकडा येतो का ते बघायचं. बदलला तर खुंट्या आणखी लांब न्या. मोजायचं मे महिन्यात. सोलरच्या फायलीत बहुधा ५ ओहमच्या आत मागतात, एलएला १०. मुरमाड जमिनीत मे महिन्यात ५ आला नाही तर घाबरू नका. रस्ता अखंड, सगळं एकत्र बांधलेलं, आणि आरसीसीबी चालू असेल तर माझ्या लेखी १५ ओहमचं घर, ३ ओहमच्या पण तुटलेल्या घरापेक्षा कितीतरी सुरक्षित.

राहिलं झटका मशीन. सगळं एकत्र बांधा असं मी इतका वेळ सांगतो आहे, त्याला हा एक अपवाद. कुंपणाच्या मशीनची अर्थ रॉड घरच्या कुठल्याही अर्थपासून किमान १० मीटर दूर हवी, या मशीनच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातच तसं आहे. मशीन दर सेकंदाला हजारो व्होल्टचा ठोका मारतं. त्याची परतीची वाट तुमच्या घरच्या खड्ड्यातून गेली तर तो ठोका फ्रिजवर, नळावर, कोठ्यातल्या पाण्याच्या टाकीवर येईल. ढोरं पाणी प्यायला नकार देतात आणि मालकाला कारण कळत नाही. शिवाय कुंपण म्हणजे उघड्या वावरात पसरलेली विजेची जाळी. तिच्यावर पडलेली वीज तारेतून सरळ इन्व्हर्टरच्या खोलीत येईल. मशीन त्या खोलीतून हलवा. वावराच्या कडेला धुऱ्यावर छोटी पेटी, तिची १२ व्होल्टची वेगळी बॅटरी, तिथेच तिचे रॉड. रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी मशीनचा ठोका पुरतो. घरच्या सप्लायची थेट तार कुंपणाला लावणं म्हणजे माणूस मारणं आहे, आणि कायद्याने गुन्हाही.

कोठ्याचं नाव निघालं म्हणून एक. एलएचा खड्डा ढोरं बांधायच्या जागेपासून जितका दूर नेता येईल तितका न्या. वीज जमिनीत उतरते तेव्हा खड्ड्याभोवतीच्या मातीत प्रत्येक पावलाला व्होल्टेज बदलतं. माणसाच्या दोन पायांत दोन-अडीच फूट, बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच, आणि मधे त्याचं काळीज. माणूस वाचतो आणि बैल जातो ते यामुळे. खड्ड्याला पाणी घातलेलं असतं, तिथे गवत हिरवं राहतं, आणि तिथेच जनावर बांधायचा मोह होतो. अर्थच्या पाइपलाच दावं बांधलेलं मी पाहिलं आहे.

तुमच्या घरी कामाचा क्रम असा ठेवा. उद्या खड्ड्यांची झाकणं उघडून क्लॅम्प बघा, फ्रिजच्या सॉकेटची तिसरी तार बघा. मग लाइन नसताना ती तीन मापं. मग मॅन्युअलमध्ये न्यूट्रल-अर्थ रिलेचं पान. तीन मापांचे आकडे, इन्व्हर्टरचं मॉडेल आणि खड्ड्यांत किती खोलीवर मुरूम लागला होता एवढं कळवा, पट्टीचा चर कुठून न्यायचा ते मी त्यावरून सांगतो. पहिला पाऊस पडायच्या आत तो चर भरून झाला पाहिजे.